फोटो ‘फाटतो’ म्हणजे काय?

गेल्या वर्षी आमची धाकटी मावशी गेली. रायपूरच्या तात्यापाऱ्यात तिचे सारे आयुष्य गेले. तेराव्याला तीन दिवस उरले असताना मावसभावाचा फोन आला, “ताई, आईचा एकटीचा एकही फोटो नाही गं घरात.” मला आश्चर्य वाटले नाही. घरात फोटो निघत तेव्हा मावशी स्वयंपाकघरात तरी असे, नाही तर इतरांना रांगेत उभे करत असे.

शोधाशोध केल्यावर घरच्या ग्रुपवर एक फोटो सापडला. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात संक्रांतीचे हळदीकुंकू होते, तेव्हाचा. दहाबारा बायका आणि त्यांच्या मधोमध मावशी, हातात तिळगुळाचा डबा, चेहऱ्यावर हसू. भावाने तो मोबाइल घेऊन स्टुडिओ गाठला. मीही बरोबर होते. बारा बाय सोळा इंचांची फ्रेम तो आधीच घेऊन आला होता.

स्टुडिओवाल्याने फोटो संगणकावर घेतला, मावशीचा चेहरा मोठा केला आणि मान हलवली. “मैडम, इतना बड़ा करेंगे तो फोटो फट जाएगा।”

“फाटेल कसा? बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलवर काढलाय,” भाऊ म्हणाला.

वाचकहो, भावाचा प्रश्न अगदी रास्त होता. मेगापिक्सेल, झूम, आयएसओ हे शब्द आज दुकानदार, जाहिराती आणि शेजारची शाळकरी मुलेही सहज वापरतात. मोबाइल घेताना आपण ते ऐकतो, मान डोलावतो आणि विसरून जातो. पण वेळ आली की त्या शब्दांवाचून अडते. मावशीच्या त्या एका फोटोच्या निमित्ताने यातले नेहमीचे शब्द समजून घेऊ या.

पिक्सेल म्हणजे रांगोळीचे ठिपके

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची ओळीने केलेली मांडणी. त्यातला एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल. ठिपक्यांच्या रांगोळीत जसे ‘पंधरा ठिपके, पंधरा ओळी’ म्हणतो, तसेच इथेही आडवे गुणिले उभे असा हिशेब असतो. आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतील, तर एकूण १ कोटी २० लाख. दहा लाख ठिपक्यांना एक मेगापिक्सेल म्हणतात, म्हणून हा फोटो १२ मेगापिक्सेलचा.

कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याचा फोटो १०० गुणिले १०० ठिपक्यांचा, म्हणजे फक्त ०.०१ मेगापिक्सेलचा होता. तो एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. त्यामानाने आज आपण फारच श्रीमंत आहोत.

आता छपाईचे गणित. कागदावर एका इंचात साधारण ३०० ठिपके बसवले, तर फोटो हातात धरून पाहताना स्वच्छ दिसतो. भिंतीवर लावून चारपाच फुटांवरून पाहायचा असेल, तर इंचाला १५० ठिपकेही चालतात. त्याहून बरेच कमी झाले की डोळ्याला ठिपके वेगळे दिसू लागतात. कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या होतात, चेहरा पुसट होतो. ‘फोटो फाटतो’ तो असा.

अल्बममधल्या चार बाय सहा इंचांच्या फोटोला १२०० गुणिले १८०० ठिपके, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल पुरतात. आठ बाय दहा इंचांना २४०० गुणिले ३०००, म्हणजे ७ मेगापिक्सेलच्या थोडे वर लागतात. म्हणजे घरगुती वापराला १२ मेगापिक्सेल भरपूर आहेत. मग आमचा फोटो का फाटला?

कारण तो १२ मेगापिक्सेलचा उरलाच नव्हता. संगणकावर पाहिले तर त्याचे माप होते १६०० गुणिले १२००. म्हणजे २ मेगापिक्सेललाही किंचित कमी. त्यातही सगळ्या फोटोभर बायका होत्या. मावशीचा चेहरा आणि खांदे मिळून ३०० गुणिले ४०० ठिपके. ते १२ बाय १६ इंचांवर पसरायचे म्हणजे इंचाला फक्त २५ ठिपके! दोन वाट्या भिजवलेल्या पोह्यांत साऱ्या वऱ्हाडाचा नाश्ता उरकण्यासारखेच ते.

उरलेले ठिपके गेले कुठे?

ग्रुपवर फोटो पाठवताना तो लवकर पोचावा म्हणून ॲप त्याचे माप कमी करते आणि वर त्याला दाबून लहान करते. या दाबण्याला कॉम्प्रेशन म्हणतात. मोबाइल फोटो साठवतो ती ‘जेपेग’ पद्धतही मुळात दाबण्याचीच. १९९२ साली तिचे मानक ठरले. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहसा जाणवत नाही असा बारीक तपशील टाकून द्यायचा, अशी तिची रीत आहे. थोडे दाबले तर कळतही नाही. जास्त दाबले तर आकाशात, गालावर चौकडे दिसू लागतात.

वाळवलेली मेथी पाण्यात घातली की फुलते, भाजीही होते. पण ती ताजी जुडी होत नाही. दाबलेल्या फोटोचे असेच आहे. टाकून दिलेला तपशील परत येत नाही. एकाने पाठवलेला फोटो दुसऱ्याने पुढे ढकलला, तिसऱ्याने त्याचा स्क्रीनशॉट काढला, चौथ्याने त्यावर ‘शुभ सकाळ’ लिहिले, की दर वेळी थोडे थोडे निघून जाते. स्क्रीनशॉट तर मूळ फोटो नव्हेच. मोबाइलच्या पडद्यावर जेवढे ठिपके दिसतात तेवढेच त्यात उतरतात.

‘रॉ’ हा शब्दही कधी ऐकू येतो. रॉ म्हणजे कच्चे. कॅमेऱ्याने टिपलेला सारा माल, न शिजवलेला. त्याची फाइल जेपेगच्या कित्येक पट मोठी असते आणि ती संगणकावर बसून नीट करावी लागते. लग्नाचे फोटो काढणारे हौसेने रॉ वापरतात. घरी आपल्याला चांगल्या जेपेगवर भागते. मात्र ती जेपेग मूळची हवी.

गुळगुळीत झालेली मावशी

स्टुडिओवाला भला माणूस. आमची तोंडे उतरलेली पाहून म्हणाला, संगणकाने फोटो साफ करून बघतो. दोन मिनिटांत पडद्यावर लख्ख चेहरा आला. डोळे पाणीदार, कातडी तुकतुकीत, एकही सुरकुती नाही. भाऊ बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “ताई, ही आई नाही.”

मावशीच्या कपाळावर, कुंकवाखाली, लहानपणी गोंदवलेला हिरवा ठिपका होता. डाव्या भुवईवर एक बारीक खूण होती, विहिरीवर पडली तेव्हाची. दोन्ही नाहीशी झाली होती.

आजकाल ‘एआय एन्हान्स’ नावाने जे मिळते ते हे. हजारो चेहरे पाहून शिकलेली यंत्रणा, इथे साधारण असा डोळा असेल, अशी कातडी असेल, असा अंदाज बांधते आणि नवे ठिपके रंगवून भरते. देवळाच्या जुन्या चित्राला किंवा सहलीच्या फोटोला ते चालेलही. पण जिच्या कपाळावरचे गोंदण आपल्याला हवे आहे, तिच्या फोटोत अंदाज काय कामाचा? जो ठिपका फोटोत नाही, तो यंत्राला ठाऊक असण्याचे कारणच नाही.

एकच वाट उरली होती. मूळ फोटो ज्या मोबाइलवर निघाला तो शोधायचा. मंडळातल्या एका मैत्रिणीच्या मुलीने तो काढला होता. मुलगी आता शिकायला पुण्याला. फोन केला, तर म्हणाली, “मावशी, तो मोबाइल बदलला मी. पण जुना विकला नाहीये, कपाटात पडलाय.” तिने तो चार्ज केला, फोटो शोधला आणि नेहमीसारखा न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला. तसे पाठवले की फाइल दाबली जात नाही. आमच्याकडची फाइल १८० केबीची होती. ही आली ३.६ एमबीची, म्हणजे वीसपट.

पूर्वी स्टुडिओतून फोटोंबरोबर निगेटिव्हचे पाकीट मिळायचे आणि वडीलधारी मंडळी ते जपून ठेवायची. फोटो हरवला तरी चालेल, निगेटिव्ह हवी. आजची निगेटिव्ह म्हणजे ही मूळ फाइल.

फोटोची पत्रिका

मूळ फाइलचा आणखी एक फायदा झाला. तिच्यात फोटोची जन्मपत्रिकाच असते. तिला ‘एक्झिफ’ म्हणतात. मोबाइलमध्ये फोटो उघडून ‘डिटेल्स’ किंवा ‘इन्फो’ दाबले की ती दिसते. तारीख, वेळ, कोणता कॅमेरा आणि पुढे काही आकडे. बहुतेक ॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही पत्रिका गळून पडते. मावशीच्या फोटोत लिहिले होते: ४००० × ३०००, एफ/१.८, १/३० सेकंद, आयएसओ १२५०. पहिले माप आपण पाहिलेच. उरलेले तीन आकडे म्हणजे फोटोत उजेड किती आणि कसा घेतला त्याचा हिशेब. या हिशेबाला एक्स्पोजर म्हणतात. कमी पडले तर फोटो काळवंडतो, जास्त झाले तर पांढराफटक होतो.

एफ/१.८ हे ॲपर्चर. भिंगातून उजेड आत येण्याचे भोक किती मोठे, ते हा आकडा सांगतो. गंमत अशी की आकडा लहान तर भोक मोठे. कारण हा भागाकार आहे. ५० मिलिमीटरचे भिंग एफ/२ वर ठेवले, तर भोक २५ मिलिमीटरचे. एफ/२.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशा पायऱ्या असतात आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. मोठ्या कॅमेऱ्यात भोक मोठे ठेवले की समोरचा माणूस स्पष्ट आणि मागचे पुसट दिसते. लहान ठेवले की मागचे झाडही स्पष्ट येते. बहुतेक मोबाइलमध्ये हे भोक कायमचे ठरलेले असते. मागचे पुसट करण्याचे काम तिथे ‘पोर्ट्रेट’ मोड हिशेबाने करतो. म्हणूनच कधी कधी त्यात कानातले झुमके किंवा सुटलेली बट गायब होते.

१/३० सेकंद हा शटरचा वेग, म्हणजे उजेड किती वेळ आत घेतला. पळणारे मूल टिपायचे तर १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ हवा. १/३० मध्ये स्थिर माणूस ठीक येतो, हलणारा हात पुसट होतो. जगदलपूरजवळच्या चित्रकोट धबधब्याचे फोटो आठवा. काहींत पाण्याचा एकेक थेंब थिजलेला दिसतो, काहींत सारे पाणी कापसासारखे मऊ. धबधबा तोच, फरक शटरचा. कापसासारखे पाणी हवे असेल तर अर्धाएक सेकंद लागतो आणि तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही, म्हणून तिपाई घ्यावी लागते.

आयएसओ १२५० म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून घेतला. रोलच्या काळात डब्यावर १०० किंवा ४०० असे आकडे असत. उन्हात १०० चा रोल आणि घरातल्या कार्यक्रमाला ४०० चा, हे अनेकांना आठवेल. तोच आकडा आता बटणाने बदलतो. रेडिओचे दूरचे स्टेशन लावून आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते. आयएसओचे तसेच आहे. उजेड मुळात कमी असताना तो वाढवला की फोटोत रवाळ दाणे दिसू लागतात. त्यांना नॉइज म्हणतात. मंडळाच्या सभागृहात ट्यूबलाइटचा उजेड बेताचा, म्हणून मोबाइलने १२५० पर्यंत मजल मारली होती.

या तिघांचे नाते लक्षात ठेवायला जुन्या फोटोग्राफरांचा एक ठोकताळा आहे. स्वच्छ ऊन असेल तर भोक एफ/१६ आणि शटर ‘एक भागिले आयएसओ’. आयएसओ १०० असेल तर जवळपास १/१०० सेकंद. रायपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तो करून पाहा, पटेल. मात्र त्या भर दुपारच्या उन्हात माणसांचे फोटो काढू नका. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सिरपूरच्या लक्ष्मण मंदिराच्या विटाही दुपारी रंग उडाल्यासारख्या वाटतात आणि कलत्या उन्हात तांबूस उजळतात. सातव्या शतकातले हे देऊळ राणी वासटा हिने आपल्या दिवंगत पतीच्या, हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधले. माणूस गेल्यावर त्याची काही खूण मागे राहावी, ही धडपड किती जुनी आहे!

पिवळ्या मांडवातले वऱ्हाड

पत्रिकेत आणखी एक नोंद होती, व्हाइट बॅलन्स. उजेडालाही रंग असतो. आपला मेंदू तो आपोआप वजा करतो, कॅमेऱ्याला तो करावा लागतो. हा रंग केल्विनमध्ये मोजतात. साध्या पिवळ्या दिव्याचा उजेड २८०० केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचा साधारण ५५००. कॅमेऱ्याचा अंदाज चुकला की पांढरे धोतर पिवळे किंवा निळसर दिसते. लग्नात पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली सगळे वऱ्हाड कावीळ झाल्यासारखे येते ते त्यामुळेच. एका बाजूने मांडवाचा पिवळा उजेड आणि दुसऱ्या बाजूने ऊन अशी सरमिसळ असेल, तर कोणताही व्हाइट बॅलन्स पुरा पडत नाही. सरळ नवरानवरीला बाहेर मोकळ्या सावलीत आणावे.

दुकानात फसवणारे दोन शब्द

पहिला झूम. ऑप्टिकल झूममध्ये भिंग खरोखर दूरचे जवळ आणते आणि ठिपके पुरे राहतात. डिजिटल झूम म्हणजे मधला तुकडा कापून तो ताणणे. म्हणजे आमच्या स्टुडिओवाल्याने मावशीच्या चेहऱ्याचे केले तेच, फक्त फोटो काढतानाच. म्हणून बोटांनी चिमटा काढून झूम करण्याऐवजी चार पावले पुढे जावे.

दुसरा शब्द पुन्हा मेगापिक्सेलच. ठिपके टिपते ती चकती म्हणजे सेन्सर. मोठ्या ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यात ती ३६ बाय २४ मिलिमीटरची, जुन्या रोलच्या एका चौकटीएवढी असते. मोबाइलमध्ये ती त्यामानाने फारच लहान. अंगणात मोठी परात ठेवली तर पावसाचे पाणी जास्त जमते, वाटी ठेवली तर कमी. सेन्सरचे आणि उजेडाचे असेच नाते आहे. लहान चकतीवर ४८ मेगापिक्सेल कोंबले तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला थेंबभर उजेड येतो. म्हणून असे बरेच मोबाइल चार चार ठिपके एकत्र करून शेवटी १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. तेव्हा दुकानात केवळ मोठ्या आकड्याला भुलू नका. घरात, संध्याकाळच्या उजेडात काढलेला फोटो दाखवा, असे सांगा.

आज एवढे कराच

घरातल्या ज्येष्ठांचा प्रत्येकाचा एकटीचा, एकट्याचा एक फोटो काढा. खिडकीशेजारी बसवून, दिवसाच्या उजेडात, जवळ जाऊन. झूम नको, चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारा ‘ब्युटी’ मोड बंद. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. एक घरात, पेनड्राइव्ह किंवा संगणकावर. दुसरी घराबाहेर, लेकीकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. कुणाला पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइल विकण्यापूर्वी त्यातले फोटो काढून घ्या. आणि वर्षातून एकदा निवडक फोटो कागदावर छापून घ्या. कागदावरच्या फोटोला चार्जर लागत नाही.

आमच्या मावशीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मूळ फोटोत तिचा चेहरा आणि खांदे ७५० गुणिले १००० ठिपक्यांचे निघाले. बारा बाय सोळाला तेही अपुरेच. पण पाच बाय सात इंचांवर इंचाला दीडशेच्या आसपास ठिपके बसतात. आम्ही मोठी फ्रेम परत केली आणि लहान घेतली. फोटोत थोडे दाणे आहेत. तिळगूळ देणारा हात हलल्यामुळे पुसट आला आहे. तो हात नेहमी हलताच असायचा. कपाळावर, कुंकवाखाली, हिरवा ठिपका मात्र स्पष्ट दिसतो.

तेराव्याला आलेली प्रत्येक बाई त्या लहानशा फ्रेमपुढे वाकून पाहायची आणि म्हणायची, “अगदी अश्शीच होती हो.”